मराठी मातृभाषेच्या आधारे जर्मन भाषेचे अध्ययन आणि खासगी शिक्षकाची भूमिका
(मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत परकीय भाषांचे अध्ययन हा केवळ महानगरांतील विद्यार्थ्यांचा विषय राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेनबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आणि प्रायोगिक तत्त्वावर १०,००० उमेदवार पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जर्मन शासनाने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे घोषित केले. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांसारख्या व्यवसायांची चर्चा वर्तमानपत्रांतून होऊ लागली आणि 'जर्मन कोठे शिकावे' हा प्रश्न तालुक्याच्या गावांतील विद्यार्थीही विचारू लागले.

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे अशा गावांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरील या स्थानकातून आदिलाबादकडे फाटा जातो. मात्र जर्मन भाषेचे नामांकित केंद्र गाठावयाचे तर पुणे किंवा मुंबईकडे पाहावे लागते. तेथे राहून शिकण्याचा खर्च शेतकरी, शेतमजूर वा अल्पवेतनी नोकरदार कुटुंबाला सहज पेलणारा नसतो. अशा स्थितीत खासगी शिक्षक, मग तो गावी येणारा असो, नांदेड शहरातील असो वा दूरध्वनीच्या पडद्यावरून शिकविणारा असो, हाच विद्यार्थ्याचा व्यवहार्य आधार ठरतो.

या विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती खोलवर रुजलेली आढळते. 'आमचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, इंग्रजीच नीट येत नाही, मग जर्मन कसे येणार?' असे ते म्हणतात. जर्मन भाषेची बहुतांश प्रचलित पाठ्यपुस्तके व वर्ग इंग्रजीतून स्पष्टीकरण देत असल्याने ही भीती बळावते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही भीती भाषाशास्त्रीयदृष्ट्या निराधार आहे. जर्मन व्याकरणाच्या ज्या अंगांना इंग्रजी भाषक घाबरतात, त्यांपैकी अनेक अंगे मराठी भाषकाच्या जिभेवर बालपणापासून असतात.

२. उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(अ) मराठी व जर्मन या भाषांतील साम्यस्थळे व भेदस्थळे अध्यापनाच्या दृष्टीने स्पष्ट करणे.
(ब) मराठी जाणणाऱ्या खासगी शिक्षकाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार करणे.
(क) विद्यार्थी व पालक यांना वेळ, परीक्षा आणि शिक्षकाची निवड यांविषयी व्यवहार्य दिशा देणे.

लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जर्मन शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. देवनागरीतील हे लेखन अचूक नसून केवळ जवळचे आहे, हे वाचकाने लक्षात घ्यावे.

३. पार्श्वभूमी

मराठी माणसाचा जर्मन भाषेशी संबंध नवा नाही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या पत्नी शीलवती केतकर या जर्मन भाषक होत्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासग्रंथाचे मूळ जर्मनवरून इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले. इरावती कर्वे यांनी १९२८ ते १९३० या काळात बर्लिन येथे संशोधन केले. प्राच्यविद्यापंडित रा. ना. दांडेकर यांनी हायडेलबर्ग येथे डॉक्टरेट मिळविली.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यास सर्वाधिक जवळचे वाटेल असे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी जे अभ्यासक्रम घेतले, त्यांत अर्थशास्त्र व इतिहास यांच्या बरोबरीने प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक अभ्यासक्रम होता. पुढे १९२०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश घेण्याचाही प्रयत्न केला. प्राथमिक पातळीपासून प्रारंभ करण्यात कोणताही कमीपणा नाही, हा बोध या उदाहरणातून घेता येतो.

४. ध्वनी व लिपी

जर्मन उच्चार शिकताना मराठी भाषकाजवळ काही ध्वनी आयतेच असतात. मराठीत 'च' चे दोन उच्चार आहेत. 'चार' मधील तालव्य आणि 'चोर' मधील दंततालव्य. रोमन लिपीतील शेवटच्या अक्षराचा जर्मन उच्चार हा 'चोर' मधील 'च' च्या अगदी जवळचा आहे. 'त्साइट' (वेळ), 'त्सेन' (दहा), 'त्सूक' (रेल्वेगाडी) हे शब्द मराठी विद्यार्थ्याने प्रथम प्रयत्नातच बरोबर उच्चारावेत, अशी अपेक्षा ठेवता येते.

दुसरे साहाय्य मराठवाड्याच्या इतिहासाने दिले आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे उर्दू व दखनी बोली येथील बाजारांतून आजही कानावर पडते. उर्दूतील 'ख़बर' मधील घर्षणयुक्त 'ख़' हाच ध्वनी जर्मन 'बूख' (पुस्तक), 'नाख्ट' (रात्र) या शब्दांत येतो. उर्दूतील 'ज़मीन' मधील 'ज़' हा 'झोने' (सूर्य) या शब्दाच्या आरंभी येतो. शिक्षकाने या परिचित ध्वनींची आठवण करून दिली, तर तासभराचे स्पष्टीकरण काही मिनिटांत आटोपते.

नवे ध्वनी मोजके आहेत. ओठ 'ऊ' साठी गोल करून जिभेने 'ई' म्हणावयाचे, तसेच ओठ 'ओ' साठी गोल करून 'ए' म्हणावयाचे, असे दोन स्वर नव्याने शिकावे लागतात. 'इश' (मी) या शब्दातील अंत्य ध्वनी आपल्या 'श' पेक्षा मृदू असतो. स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घत्वाकडेही विशेष लक्ष द्यावे लागते, कारण 'श्टाट' हा शब्द आखूड उच्चारल्यास शहर आणि लांब उच्चारल्यास राज्यसंस्था असा अर्थ होतो.

शब्दान्ती येणारी घोष व्यंजने जर्मनमध्ये अघोष होतात. 'हुंड' असे लिहून 'हुंट' (कुत्रा) असे म्हणतात. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले आहे, त्यांना 'सुहृद्' चे 'सुहृत्' होणे ठाऊक असते. तोच हा प्रकार. जर्मन मनुष्य 'मुदखेड' हे नाव वाचताना अखेरचा 'ड' 'ट' सारखा म्हणेल. प्रारंभिक पातळीच्या तोंडी परीक्षेत स्वतःचा परिचय देताना नाव वा गाव अक्षरशः सांगण्यास सांगितले जाते. मुदखेडच्या विद्यार्थ्याने 'एम, ऊ, डे, का, हा, ए, डे' असे न अडखळता सांगण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात करावा.

जर्मन शब्द वहीत देवनागरीतून लिहिण्याची सवय मात्र पहिल्या दोन आठवड्यांनंतर सोडून द्यावी. वर उल्लेखिलेले नवे स्वर देवनागरीत दाखविता येत नाहीत आणि चुकीचा उच्चार कायम होतो.

५. लिंगव्यवस्था व विशेषणे

जर्मन भाषेत तीन लिंगे आहेत. इंग्रजी भाषकाला हे विचित्र वाटते आणि हिंदी भाषकालाही दोनच लिंगांची सवय असते. मराठी भाषकाला मात्र 'तो, ती, ते' ही व्यवस्था नवी नाही. जर्मन 'एअर, झी, एस' ही सर्वनामे नेमकी तीच आहेत. निर्जीव वस्तूला लिंग का असावे, हा प्रश्न मराठी मुलाला पडतच नाही, कारण तो दगड, ती वाट आणि ते झाड तो रोज म्हणत असतो.

विशेषणांच्या बाबतीतही हे साम्य दिसते. 'चांगला माणूस, चांगली स्त्री, चांगले मूल' या मराठी शब्दप्रयोगांशेजारी 'आइन गूटर मान, आइने गूटे फ्राउ, आइन गूटेस किंट' हे जर्मन प्रयोग ठेवले, की नामाच्या लिंगानुसार विशेषणाचा प्रत्यय बदलतो हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही.

एक उदाहरण विशेष उद्बोधक आहे. जर्मनमध्ये 'मेडशेन' (मुलगी) हा शब्द नपुंसकलिंगी आहे. मुलगी नपुंसकलिंगी कशी, याचे आश्चर्य जगभरचे विद्यार्थी व्यक्त करतात. त्याचे कारण 'शेन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय असून तो लागलेला प्रत्येक शब्द नपुंसकलिंगी होतो. मराठीत लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, शिंगरू हे लहानग्यांचे वाचक शब्द असेच नपुंसकलिंगी आहेत. 'माझं लेकरू' म्हणताना ते मुलगा आहे की मुलगी, याचा विचार मराठवाड्यातील आई करीत नाही. 'मेडशेन' समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

तथापि साम्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. व्यवस्था समान असली तरी प्रत्येक शब्दाचे लिंग समान नसते. 'चंद्र' दोन्ही भाषांत पुल्लिंगी आहे, पण 'सूर्य' जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहे, परंतु मराठीतील 'ते टेबल' जर्मनमध्ये 'डेअर टिश' असे पुल्लिंगी होते. दुसरा भेद असा की, मराठीत 'माणूस चांगला आहे' या वाक्यातही विशेषण बदलते. जर्मनमध्ये मात्र 'डेअर मान इस्ट गूट' या रचनेत ते अविकृत राहते. तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठीत नामापूर्वी लिंगदर्शक उपपद नसते. त्यामुळे मराठी विद्यार्थी 'डेअर, डी, डास' ही उपपदे हमखास गाळतो. उपपदाशिवाय उच्चारलेले नाम शिक्षकाने पहिल्या दिवसापासून स्वीकारू नये.

६. विभक्तिविचार

जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत. त्या मराठी व्याकरणातील प्रथमा, द्वितीया, चतुर्थी व षष्ठी यांच्याशी स्थूलमानाने जुळतात. शालेय व्याकरणात विभक्तीचा तक्ता पाठ केलेल्या विद्यार्थ्यास ही संकल्पना परकी नाही. 'मी माणसाला पुस्तक देतो' या वाक्यात 'माणसाला' ही चतुर्थी आणि 'पुस्तक' हे कर्म. जर्मनमध्ये 'इश गेबे डेम मान डास बूख' या वाक्यात 'डेम मान' ही चतुर्थी आहे.

येथे एक सापळा आहे. मराठीत सजीव कर्मालाही 'ला' लागतो. 'मी माणसाला पाहतो' यातील 'माणसाला' जर्मनमध्ये चतुर्थीत न जाता द्वितीयेत जाते व 'इश झेहे डेन मान' असे वाक्य होते. 'ला' दिसला की चतुर्थी, हा नियम विद्यार्थ्याने मनाशी धरला, तर चुका अटळ आहेत. 'द्यावयाचे, सांगावयाचे, मदत करावयाची' अशा क्रियापदांची वेगळी यादी करून हा भेद पक्का करावा लागतो.

याउलट चतुर्थीचा एक मोठा लाभ मराठी भाषकास मिळतो. मराठीत अनुभव घेणारी व्यक्ती बहुधा 'मला' या रूपात येते, जसे मला आवडते, मला वाईट वाटते, मला मळमळते, मला थंडी वाजते. जर्मनमध्येही 'डास गेफेल्ट मिर' (ते मला आवडते), 'एस टूट मिर लाइट' (मला वाईट वाटते), 'मिर इस्ट यूबेल' (मला मळमळते), 'मिर इस्ट काल्ट' (मला थंडी वाजते) अशी रचना आहे. 'मिर' म्हणजे 'मला', एवढे कळले की पुरे. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी 'मी थंड आहे' अशा अर्थाचे 'इश बिन काल्ट' हे वाक्य तयार करतो. त्याचा अर्थ वेगळा होतो. रुग्णाच्या तक्रारी ऐकण्यासाठी जर्मन शिकणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नाही. आजारपणाची भाषा तिला मराठीतून अधिक नेमकी उमगते.

७. वाक्यरचना

जर्मन वाक्यरचना हा या भाषेचा सर्वांत कठीण भाग मानला जातो, कारण क्रियापद कधी दुसऱ्या स्थानी, तर कधी वाक्याच्या अखेरीस येते. मराठी वाक्यात क्रियापद स्वभावतः अखेरीस येते. म्हणून मराठी भाषकासाठी प्रश्न उलट्या बाजूने सोडवता येतो.

पुढील वाक्य पाहावे :
मराठी : मी उद्या रेल्वेने नांदेडला जाणार आहे.
जर्मन : इश वेर्डे मॉर्गेन मिट डेम त्सूक नाख नांदेड फारेन.

जर्मन वाक्यातील क्रम असा : मी, [साहाय्यक क्रियापद], उद्या, रेल्वेने, नांदेडला, जाणे. म्हणजे मराठी वाक्याच्या अखेरचे साहाय्यक क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवले की उरलेला क्रम जसाच्या तसा राहतो. काळ प्रथम, साधन नंतर, स्थळ त्यानंतर, हा क्रम इंग्रजीत बहुधा उलट असतो. 'मी पुस्तक वाचले आहे' याचे 'इश हाबे डास बूख गेलेझेन' आणि 'मी जर्मन बोलू शकतो' याचे 'इश कान डॉइच श्प्रेशेन' असे रूपांतर त्याच नियमाने होते. पहिल्या वाक्यात 'आहे' आणि दुसऱ्यात 'शकतो' हे पद दुसऱ्या स्थानी सरकते.

आता गौण उपवाक्य पाहावे :
मराठी : ... कारण मी आजारी आहे.
जर्मन : ... वाइल इश क्रांक बिन.

'वाइल' म्हणजे कारण, 'इश' म्हणजे मी, 'क्रांक' म्हणजे आजारी, 'बिन' म्हणजे आहे. येथे शब्दाला शब्द जुळतो. त्याचप्रमाणे 'मला माहीत आहे, की तो उद्या येतो' यातील उपवाक्य 'दास एअर मॉर्गेन कॉम्ट' असे होते. 'की, तो, उद्या, येतो' हाच क्रम येथेही राहतो. 'कारण मी जर्मन बोलू शकतो' याचे 'वाइल इश डॉइच श्प्रेशेन कान' होते. म्हणजे मुख्य वाक्यात दुसऱ्या स्थानी नेलेले क्रियापद गौण उपवाक्यात पुन्हा आपल्या मराठी जागी परतते. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यास ज्या नियमासाठी कित्येक आठवडे सराव करावा लागतो, तो नियम मराठी भाषकाला एका वाक्यात सांगता येतो : 'मुख्य वाक्यात शेवटचे क्रियापद दुसऱ्या जागी आणा, गौण उपवाक्यात त्याला हलवू नका.'

हाच लाभ पुढील पातळ्यांवरही मिळतो. 'मी वाचलेले पुस्तक' अशी धातुसाधित विशेषणाची रचना जर्मन लेखी भाषेत विपुल आढळते. 'डास फोन मिर गेलेझेने बूख' या शब्दसमूहात 'माझ्याकडून वाचलेले' हे संपूर्ण विशेषण नामाच्या आधी येते. 'वाचलेला, केलेली, दिलेले' ही रूपे सहज वापरणाऱ्यास ती समजण्यास फारसे प्रयास पडत नाहीत.

८. समास, संख्या व संबोधन

जर्मन भाषेतील लांबलचक शब्दांची थट्टा केली जाते. परंतु समासविग्रह शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यांचे भय वाटू नये. 'क्रांकनहाउस' म्हणजे रुग्णांचे घर, अर्थात रुग्णालय. 'वोर्टरबूख' म्हणजे शब्दांचे पुस्तक, अर्थात शब्दकोश. हे सरळ षष्ठी तत्पुरुष होत. समासाचे लिंग अखेरच्या पदावरून ठरते, हे तत्पुरुषाचे तत्त्वही येथे लागू पडते.

संख्यावाचनात मराठी व जर्मन यांचे साम्य लक्षणीय आहे. 'पंचवीस' मध्ये पाच आधी, वीस नंतर. जर्मन 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणजेही पाच आणि वीस. दूरध्वनी क्रमांक लिहून घेताना इंग्रजीची सवय असणारे अंकांची उलटापालट करतात. मराठीतून मोजणारा मात्र चुकण्याचा संभव कमी असतो. एकोणतीस सारख्या संख्या तेवढ्या वेगळ्या आहेत, कारण जर्मनमध्ये 'नऊ आणि वीस' असे सरळ म्हणतात. घड्याळाबाबत सावध राहावे. 'हाल्प फिअर' म्हणजे शब्दशः 'अर्धे चार', पण वेळ साडेतीनची. मराठीतील 'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय', म्हणजे 'ज्यातील तिसरा अर्धा आहे' अशा संस्कृत शब्दावरून आला आहे. 'हाल्प द्राय' म्हणजे अडीच वाजले, हे या व्युत्पत्तीच्या साहाय्याने पक्के स्मरणात राहते.

'डू' व 'झी' हा भेद आपल्या 'तू' व 'तुम्ही' यांचाच आहे. आईला व देवाला 'तू' म्हणण्याची रीत दोन्हीकडे आहे. वडिलांना मात्र आपण बहुधा 'तुम्ही' म्हणतो, तर जर्मन मूल 'डू' म्हणते. रुग्ण, अधिकारी व अपरिचित प्रौढ व्यक्ती यांच्याशी 'झी' वापरणे आवश्यक आहे.

इंग्रजीचा काहीच उपयोग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 'हाउस', 'हांट', 'वासर', 'फिंगर' असे अनेक शब्द इंग्रजीशी जुळतात. शब्दसंपत्तीसाठी इंग्रजीचे व व्याकरणासाठी मराठीचे साहाय्य घ्यावे, असा विवेक शिक्षकाने ठेवावा.

९. खासगी शिक्षकाचे सामर्थ्य व मर्यादा

वर्गातील अध्यापनाच्या तुलनेत खासगी शिक्षकाचे पहिले सामर्थ्य म्हणजे विद्यार्थ्यास मिळणारी बोलण्याची संधी. तीस विद्यार्थ्यांच्या ४५ मिनिटांच्या तासिकेत निम्मा वेळ जरी विद्यार्थ्यांना दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४५ सेकंद येतात. दोन वा तीन विद्यार्थ्यांच्या शिकवणीत हाच वेळ सात ते अकरा मिनिटांपर्यंत जातो. दुसरे सामर्थ्य तात्काळ दुरुस्तीचे आहे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे सामर्थ्य म्हणजे विद्यार्थ्याच्या मातृभाषेतून स्पष्टीकरण देण्याची मोकळीक. मराठी जाणणारा शिक्षक जर केवळ प्रतिष्ठेसाठी इंग्रजीतून शिकवीत असेल, तर तो आपले सर्वांत प्रभावी साधन स्वतःच बाजूला ठेवतो.

खासगी शिकवणीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विद्यार्थ्याच्या कानावर एकच आवाज व एकच उच्चारपद्धती पडते. शिक्षकाच्या चुका विद्यार्थ्याच्या चुका बनतात. अनोळखी परीक्षकासमोर बोलण्याची सवय लागत नाही. या उणिवा भरून काढण्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा विनामूल्य अभ्यासक्रम, तसेच तिच्या संथ गतीने वाचलेल्या बातम्या उपयुक्त आहेत. ग्योथे संस्थेच्या संकेतस्थळावरील नमुना प्रश्नपत्रिकाही विनामूल्य मिळतात. महिन्यातून एकदा दुसऱ्या शिक्षकाकडून तोंडी परीक्षा घेवविणे हितावह ठरते.

शिक्षकाची निवड करताना पालकांनी पुढील बाबी पाहाव्यात. शिक्षकाचे स्वतःचे प्रमाणपत्र कोणत्या पातळीचे आहे, आणि ते शिकवावयाच्या पातळीपेक्षा किमान दोन पातळ्या वरचे आहे काय? पहिल्या काही तासिका पाहण्याची मुभा आहे काय? शुल्क एकरकमी मागितले जाते की महिन्याकाठी? शिकवणी आणि परदेशी नोकरीचे आश्वासन एकाच पावतीवर विकले जात आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास अधिक चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१०. पातळ्या व वेळेचे गणित

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामायिक चौकटीनुसार भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या आहेत : ए १, ए २, बी १, बी २, सी १ व सी २. ग्योथे संस्थेच्या, म्हणजे भारतात मॅक्समुल्लर भवन या नावाने परिचित असलेल्या संस्थेच्या अंदाजानुसार प्रारंभापासून मोजता ए १ साठी ८० ते २००, ए २ साठी २०० ते ३५०, बी १ साठी ३५० ते ६५० आणि बी २ साठी ६०० ते ८०० तासिका लागतात. एक तासिका ४५ मिनिटांची धरली जाते. बी १ व बी २ च्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण असे चार विभाग असून प्रत्येकात शंभरांपैकी किमान ६० गुण आवश्यक असतात.

परिचारिकेच्या व्यवसायास जर्मनीत पूर्ण मान्यता मिळण्यासाठी सामान्यतः बी २ पातळी अपेक्षित असते. ६०० ते ८०० तासिका म्हणजे ४५० ते ६०० तास. खासगी शिक्षकाकडे आठवड्यास पाच तास शिकल्यास यासाठी ९० ते १२० आठवडे, म्हणजे सुमारे पावणेदोन ते सव्वादोन वर्षे लागतील. घरचा अभ्यास यात धरलेला नाही. 'चार महिन्यांत बी २' असे आश्वासन कोणी दिले, तर किमान अंदाजानेही आठवड्यास सुमारे २६ तास प्रत्यक्ष शिकवणी व्हावी लागेल. आश्वासन देणाऱ्याने तेवढे तास वेळापत्रकात दाखवावेत. ज्या घरात मुलीच्या शिक्षणासाठी पीककर्जाच्या सोबत आणखी एक कर्ज काढले जाते, त्या घराने हा साधा भागाकार आधी करणे अगत्याचे आहे.

मातृभाषेच्या आधारामुळे हे तास नेमके किती कमी होतील, हे आकड्यात सांगता येणार नाही. वेळापत्रक पूर्ण तासांचेच आखावे. व्याकरण समजण्यात वाचलेला वेळ श्रवण व संभाषण यांकडे वळविणे, हाच त्या आधाराचा योग्य विनियोग होय.

११. निष्कर्ष

१) तीन लिंगे, विकारी विशेषणे, चतुर्थीची अनुभववाचक रचना, वाक्याच्या अखेरीस येणारे क्रियापद, तत्पुरुष समास व संख्यावाचन या बाबतींत मराठी भाषा जर्मनच्या अध्ययनास इंग्रजीपेक्षा अधिक निकटचा आधार पुरविते.
२) उपपदांचा वापर, सजीव कर्माची विभक्ती, विधेय विशेषण, स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्व आणि नवे स्वर या ठिकाणी मराठी दिशाभूल करते अथवा साहाय्य करीत नाही. खासगी शिक्षकाने आपला सर्वाधिक वेळ या ठिकाणी द्यावा.
३) खासगी शिकवणी ही तालुक्याच्या गावासाठी व्यवहार्य व्यवस्था आहे, परंतु तिला विविध आवाजांचे श्रवण, नमुना प्रश्नपत्रिका व त्रयस्थ तोंडी परीक्षा यांची जोड आवश्यक आहे.
४) मराठवाड्यातील महाविद्यालयांनी जर्मन भाषेचे प्रारंभिक साहित्य मराठी स्पष्टीकरणासह तयार केल्यास खासगी शिक्षक व विद्यार्थी या दोघांनाही त्याचा उपयोग होईल. मराठी व भाषाशास्त्र विभागांनी हे काम हाती घेणे योग्य ठरेल.

१२. समारोप

परकीय भाषा शिकताना विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याजवळ एक संपूर्ण भाषा असते. मुदखेडच्या जिल्हा परिषद शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केलेली, 'लेकरू' हा शब्द रोज ऐकणारी, पंचवीसमध्ये पाच आधी मोजणारी विद्यार्थिनी जर्मनच्या पहिल्या तासाला बसते, तेव्हा व्याकरणाचा बराच भाग ती सोबत घेऊन आलेली असते. तिच्या शिक्षकाने ते ओळखावे आणि तिलाही ते सांगावे. इंग्रजी कच्चे असल्यामुळे जर्मन आपल्यासाठी नाही, ही समजूत दूर झाली, तर पुढील दोन वर्षांच्या परिश्रमांना ती आत्मविश्वासाने सामोरी जाऊ शकेल.